माहुलाची चढण

नवेगावबांधच्या बाजूच्या जंगलात वैशाखातल्या उन्हात माहुलाची वेल फुलते. ऐन, धावडा, तेंदू, मोह यांच्या मिश्र पानगळीच्या रानात त्याला नाल्याकाठची ओल भावते. त्याची फुलं पाहायला मान वर करून उभं राहावं लागतं. ती पांढरी उमलतात आणि जुनी होताना पिवळट पडतात, त्यामुळे एकाच घोसात दोन रंग दिसतात.

माहूल आपट्याचाच भाऊबंद, पण दसऱ्याला वाटतो त्या पानापेक्षा याचं पान कितीतरी मोठं. कधी हातभर रुंद, टोकाशी दोन पाळ्यांत चिरलेलं. कोवळ्या शेंड्यांवर तांबूस लव असते आणि त्यांवर जोडीने फुटलेले तणावे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. आधाराला फांदी सापडली की तणावा तिला विळखा घालतो आणि पुढे लाकडासारखा टणक होतो. खाली खोड मांडीएवढं जाड झालं, तरी वेलीचा सारा भार झाडावरच.

वनखात्याच्या जुन्या शिस्तीत म्हणूनच माहूल शत्रू. सागाचं खोड सरळ वाढावं म्हणून वेल तोडणं हे नेमाचं काम होतं. लाकूड मोजणाऱ्याचा हिशेब म्हणून त्यात चूक नाही. पण गावातल्या बायांचा हिशेब वेगळा. पत्रावळीसाठी पानं तोडणाऱ्या एका आजींनी मला हटकलं, "कवरा पान घेऊ नोको, फाटते." जून, पण न करपलेलं पान हवं. ते सावलीत वाळवायचं, लावताना पाण्याचा हात फिरवून मऊ करायचं आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायचं. पान एवढं मोठं की पळसाच्या मानाने टाके फार कमी लागतात. सालीच्या तंतूंचे दोर वळतात, बिया भाजून खातात.

त्या बिया जमवणं मात्र सोपं नाही. वीतभर लांब, मखमली लवेची लाकडी शेंग उन्हात तापली की फटकन फुटते आणि बिया लांब उडवते.

वेलीने गुंफलेल्या फांद्यांवरून वानरं बिनदिक्कत पलीकडे जातात. या भागात 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे माहुलाला लाकडाच्या मापाने तोलण्याचं कारण उरलेलं नाही. गावांच्या वाट्याच्या जंगलातही सरसकट तोडणी नको. कोणती वेल ठेवायची, हे पानं तोडणाऱ्या बायांना विचारून ठरवावं.