भंगारातले लोखंड आणि रंगपटातला चेहरा

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तापवलेले बिलेट, म्हणजे सळई ओढण्यासाठी ओतलेला पोलादाचा चौकोनी लांब ठोकळा, रुळांच्या पहिल्या जोडीत शिरते तेव्हा ते हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असते, आणि रुळांचा दाब बसताच त्याच्या अंगावरून करड्या-काळ्या पातळ खपल्या सुटून खाली पडतात. कामगार ज्याला नुसते ‘स्केल’ म्हणतात तो हा थर तापलेल्या लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होतो, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो लोखंडाच्या ऑक्साइडांचा असतो. याच कुळातली तांबडी, पिवळी आणि काळी ही तीन ऑक्साइडे नाटकाच्या रंगपटात पॅनकेक या तोंडाला लावायच्या रंगाच्या डबीत बसलेली असतात; त्यांत टिटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग कमीअधिक मिसळला की गोऱ्यापान रंगापासून गडद सावळ्यापर्यंत माणसाच्या कातडीची बहुतेक कोणतीही छटा साधता येते.

हे नाते कुळापुरतेच आहे, हे लगेच सांगितले पाहिजे. गिरणीतल्या खपल्यांना तेल, वंगण आणि भंगारातून आलेले इतर धातू चिकटलेले असतात. खाणीतल्या गेरूतही शिसे आणि आर्सेनिक असण्याची शक्यता असते. म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठीची लोहऑक्साइडे प्रयोगशाळेच्या शिस्तीत कृत्रिमरीत्या तयार केली जातात, आणि अशा रंगद्रव्यांत दहा लाख भागांमागे शिसे २० भागांपेक्षा व आर्सेनिक २ भागांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन भारतीय नियमांनी घातले आहे.

रंगांच्या मिश्रणाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनय, म्हणजे वेश, अलंकार आणि रंग यांच्या द्वारे होणारा अभिनय, वेगळा मानलेला असून नटाचे शरीर रंगवण्याला तेथे ‘अंगरचना’ म्हटले आहे. पांढरा, पिवळा, निळा आणि तांबडा हे चार मूळ रंग धरून त्यांच्या मिश्रणांना नावे दिलेली आहेत. पिवळा आणि निळा मिळून हरित, तांबडा आणि पिवळा मिळून गौर. आजचा रंगभूषाकार तळहाताच्या मागच्या बाजूवर दोन छटा बोटाने घोटून नटाच्या गळ्याशी ताडून पाहतो, तेव्हा तो हेच काम करीत असतो, फक्त त्याने तो ग्रंथ बहुधा उघडलेला नसतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके मराठी नटांच्या तोंडाला जे रंग लागले ते मात्र औषधी दुकानातले आणि पूजेच्या साहित्यातले होते. सफेदा, पिवडी, हिंगूळ, हरताळ, शेंदूर, मुर्दाडशिंग आणि काजळ ही यादी वाचायला रम्य वाटते. परंतु हिंगूळ हे पाऱ्याचे, हरताळ हे आर्सेनिकचे, तर शेंदूर आणि मुर्दाडशिंग ही शिशाची संयुगे आहेत. पौराणिक नाटकांतला राक्षस मशालीवर राळ उधळून उडवलेल्या भडक्यात आरोळ्या ठोकत प्रवेश करी, आणि त्या क्षणिक उजेडात लांबवरच्या प्रेक्षकाला भीती वाटावी इतका रंग गडद असणे भागच होते. त्या काळच्या भडक चेहऱ्यांना अडाणीपणा म्हणून हसण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे, कारण तेलाच्या दिव्यांच्या पिवळ्या, हलत्या आणि बहुधा खालून येणाऱ्या उजेडात हलका रंग दिसलाच नसता.

रंगभूषेचा इतिहास हा निम्म्याहून अधिक दिव्यांचा इतिहास आहे. चरबीत घोटलेल्या रंगांच्या कांड्या लुडविग लाइखनर या जर्मन गायकाने १८७३ मध्ये बर्लिनच्या कारखान्यात तयार करायला सुरुवात केली, ती युरोपात नाट्यगृहांचा उजेड वाढत असताना. रंगभूषाकार मॅक्स फॅक्टरचे पॅनकेक १९३० च्या दशकाच्या अखेरीस आले ते रंगीत चित्रफितीची गरज म्हणून. लाल प्रकाशात ओठांची आणि गालांची लाली नाहीशी होते, निळ्या प्रकाशात तीच लाली काळी पडते, आणि थंड पांढऱ्या एलईडीखाली ऊबदार छटा फिक्या, राखाडी वाटू लागतात. त्यामुळे जाणता रंगभूषाकार रंगपटातल्या आरशाभोवतीच्या दिव्यांवर विश्वास ठेवत नाही. नटाला रंगमंचावर उभे करून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन पाहतो आणि मग परत येऊन दुरुस्ती करतो.

तरुण नटाला म्हातारा करणे हे या विद्येतले सर्वांत बारकाईने पाहण्यासारखे काम आहे. जालन्यासारख्या औद्योगिक शहरात हौशी संघातला नट बहुधा दिवसपाळी आटोपून येतो, आणि भट्टीच्या किंवा यंत्राच्या शेजारी काढलेल्या आठ तासांनी त्याची कातडी कोरडी, कपाळ धुळकट आणि मान घामट झालेली असते. म्हणून पहिला अर्धा तास साबण, पाणी, बर्फ आणि मलम यांतच जातो. त्यानंतर कातडीपेक्षा किंचित फिका, पिवळसर असा पायाचा रंग ओल्या स्पंजने कानांच्या पाळ्यांपर्यंत आणि मानेच्या मागेपर्यंत नेला जातो. मान विसरली की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, आणि हौशी प्रयोगांत ती हमखास विसरली जाते.

मग नटाला कपाळाला आठ्या घालायला, डोळे बारीक करायला आणि तोंड वेडावायला सांगतात, कारण सुरकुती कोठे पडणार हे त्याच्या स्नायूंनी आधीच ठरवलेले असते आणि रंगभूषाकाराला ते फक्त शोधायचे असते. घडीच्या तळाशी तपकिरी रेघ, तिला लागून फिकी रेघ, आणि मग गडद रेघेची एकच कड बोटाने पुसत विरवणे, अशी ही रीत आहे. दोन्ही कडा विरवल्या तर डाग दिसतो, एकही विरवली नाही तर चेहऱ्यावर नकाशा काढल्यासारखे होते. कानशिले आणि गालांची हाडांखालची जागा गडद करून आत दाबायची, गालाच्या हाडाचा माथा आणि नाकाचा दांडा फिका करून पुढे आणायचा, डोळ्यांखालच्या पिशवीला तळाशी सावली द्यायची. येथे रंग सावलीची जागा घेतो. जवळून पाहणाऱ्याला चिखलाचे फराटे दिसतात. दहा-बारा फूट मागे सरकले की साठीचा माणूस दिसू लागतो. शेवटी पावडर पफने दाबून, पुसून नव्हे, बसवली जाते.

प्रेक्षक फार जवळ असला किंवा कॅमेरा असला तर रेघा पुरत नाहीत. तेथे कातडी बोटांनी ताणून धरून तिच्यावर द्रव लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, स्पंजने टिपतात, वाळवतात आणि मग कातडी सोडून देतात. सैल होणारी कातडी वाळलेल्या पापुद्र्याला स्वतःबरोबर चुरगळते आणि खरीखुरी सुरकुती पडते. दाढी लावायची तर वेणी घालून आलेले क्रेपचे केस आधी ओले करून सरळ करावे लागतात आणि स्पिरिट गम या डिंकावर हनुवटीखालून सुरुवात करून वरवर थर चढवावे लागतात, म्हणजे वरचा थर खालच्याची मुळे झाकतो.

अर्थात भूमिका जितकी मोठी तितका रंग अधिक, असे समीकरण नाही. आचार्य अत्रे यांच्या १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपे घेत, आणि फिरत्या रंगमंचावर मधला वेळ इतका तुटपुंजा असे की शिरोभूषण, मिशी, आवाज आणि चाल यांवरच भिस्त ठेवावी लागे. १९७० मध्ये ‘नटसम्राट’मधले वृद्ध अप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे श्रीराम लागू तेव्हा अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते, ते वार्धक्य रंगाने सुरू होत असले तरी पाठीने आणि गुडघ्यांनी पुरे होई.

संपूर्ण शरीर रंगवण्याची परंपरा महाराष्ट्रात नाट्यगृहाबाहेर अधिक जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या काठी येथील होळीत बावा आणि बुध्या बनणारे आदिवासी पुरुष उघड्या अंगावर राखेने आणि तांदळाच्या पिठाने पांढरे ठिपके व पट्टे काढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरू बांधतात, आणि त्या काळात नेमधर्म पाळतात. तेथे रंग लावणारा माणूस पात्र वठवीत नसतो. व्रत पुरे होईपर्यंत तो दुसरा कोणीतरी असतो. रंगमंचावरच्या नटाला हे रूपांतर दर रात्री आणि पगारी तत्त्वावर करावे लागते, एवढाच फरक मानावा, की तो मूलभूत मानावा, यावर मतभेद होऊ शकतात. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

अंग रंगवण्याबाबत एक भाबडी समजूत मात्र टिकून आहे, ती म्हणजे सगळे शरीर रंगाने झाकले तर कातडीचा श्वास कोंडून माणूस मरतो. माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो. धोका वेगळा आहे: जाड, चिकट थराखाली घाम नीट बाहेर पडून वाळत नाही आणि शरीर तापत जाते, आणि मे महिन्यातल्या जालन्यात, पत्र्याच्या मांडवाखाली, ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. राख आणि पिठाचा पातळ, तुटक लेप याच कारणाने ऑइलपेंटपेक्षा शहाणपणाचा आहे. केरळात त्रिशूरच्या पुलिकळी या वाघनृत्यात वाघ झालेल्यांना तैलरंग उतरवण्यासाठी रॉकेल वापरावे लागे, हे उदाहरण बोलके आहे.

राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असते, आणि १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य स्पर्धा गिरण्या-कारखान्यांतल्या माणसांसाठीच आहेत. जालना एमआयडीसीतले जे संघ गणेशोत्सवात किंवा अशा स्पर्धांत उभे राहतात, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात: हार्डवेअरच्या दुकानातला रंग, शेंदूर आणि चांदीची पूड नटाच्या अंगाला लावू नये, नवा रंग प्रयोगाच्या आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, आणि प्रयोग संपल्यावर आधी खोबरेल तेलाने आणि मगच साबणाने चेहरा धुवावा. जाहिरातीच्या फलकावर लेखक-दिग्दर्शकांच्या खाली रंगभूषाकाराचे नाव छापायला जागा कमी पडत असेल, तर प्रायोजकाचे एक बोधचिन्ह कमी करावे.