बाळाच्या अंगावरचं लाल लासं : कधी थांबायचं, कधी दवाखाना गाठायचा

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक आजी आपल्या दीड महिन्याच्या नातीला घेऊन आली होती. पोरीच्या वरच्या पापणीवर लाल, मऊ गाठ, पिकल्या तुतीसारखी. जन्मली तेव्हा तिथं नुसता फिकट ठिपका होता, डास चावल्यासारखा. आजीचं म्हणणं एकच, "सूनबाईनं ग्रहणात विळी हातात धरली." सून मान खाली घालून बसलेली. शेजारच्या बाईनं समजूत काढली, "असू दे गं, जाईल आपोआप." आज आम्हाला या दोन्ही वाक्यांवर बोलायचं आहे. पहिलं साफ चुकीचं आहे. दुसरं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं.

ग्रहण म्हणजे सावली. तिचा आणि पोटातल्या बाळाच्या कातडीचा काही संबंध नाही. जिथं ग्रहण पाळायचं असतं हे कुणाच्या गावीही नसतं, त्या देशांतही अशी बाळं जन्माला येतात. आईनं काय खाल्लं, कशाला हात लावला, कशाला घाबरली, यातल्या कशानंही लासं उठत नाही.

मग उठतं कशानं? शेताला पाणी देताना पाटातून दंड निघतात, दंडातून सऱ्यांना पाणी जातं. आपल्या अंगात रक्ताचंही तसंच, शेवटच्या वाहिन्या केसापेक्षा बारीक. बाळ पोटात असताना हे जाळं विणलं जातं. कुठं एखाद्या जागी त्या वाहिन्या रुंदच राहतात, कुठं नको तितक्या नव्या फुटतात. कातडीतून ते लाल, जांभळं किंवा निळं दिसतं. ढुंगणावर किंवा कमरेवर निळसर करडा डाग असतो तो वेगळा. तो रक्ताचा नाही, कातडीच्या रंगाचा आहे, आणि बहुतेक वेळा काही वर्षांत विरून जातो.

मानेच्या मागं किंवा दोन्ही पापण्यांवर, कपाळाच्या मध्यभागी फिकट गुलाबी सपाट चट्टा असतो, बाळ रडलं की गडद होतो. हा फार बाळांना असतो. पापण्यांवरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा राहिला तरी केसांखाली झाकतो. याची काळजी नको.

आता तुतीसारख्या गाठीकडे येऊ. डॉक्टर तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. शंभर बाळांमागे साधारण ४-५ जणांना ती होते. मुलींना जास्त, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि वजनानं कमी असलेल्या बाळांना जास्त. ती कॅन्सरची गाठ नाही. तिची ओळख म्हणजे ती जन्मानंतर वाढते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्यानं, पाचव्या महिन्यापर्यंत वाढ बरीचशी संपते. मग हळूहळू फिकी पडते, बसत जाते, त्याला काही वर्षं लागतात. पाठीवर, दंडावर छोटी गाठ असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. शेजारीण म्हणाली ते इथपर्यंत खरं.

पण पापणीवरची गाठ वाढून डोळा झाकते तेव्हा त्या डोळ्याला बघायची सवयच लागत नाही. पुढं गाठ गेली तरी त्या डोळ्याची नजर कमीच राहू शकते. म्हणून डोळ्याजवळची, नाकाच्या शेंड्यावरची, ओठावरची, हनुवटी-जबड्यावर दाढीच्या जागी पसरलेली, कमरेच्या मणक्यावरची किंवा लंगोटाच्या जागची गाठ, आणि चेहऱ्यावरची कुठलीही मोठी गाठ, दिसली की त्याच आठवड्यात दाखवायची. दाढीच्या जागी असेल आणि बाळाच्या श्वासाला घरघर येत असेल तर त्याच दिवशी, कारण तशीच गाठ आत श्वासनलिकेत असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील तर पोटाची सोनोग्राफी करतात. तशाच गाठी यकृतातही असू शकतात.

यावर औषध आहे, आणि ते सापडलं कसं हेही ऐकण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नाकावर मोठी गाठ असलेलं एक बाळ होतं. आधीच्या औषधानं त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. २००८ साली त्यांनी हे छापून सांगितलं आणि जगभरचे उपचार बदलले. औषध निदान सहा महिने द्यावं लागतं, आणि गाठ वाढत असतानाच, पहिल्या काही महिन्यांत सुरू केलं तर चांगलं लागू पडतं. पण घरातल्या आजोबांची गोळी कुटून बाळाला देऊ नका! बाळाचं हृदय, नाडी, छाती तपासून, वजनाप्रमाणे मात्रा ठरते. या औषधानं रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून दूध पाजून मगच द्यायचं. बाळ उलट्या करत असेल, दूध ओढत नसेल तर तो डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना विचारायचं.

गाठीवर चुना, बिब्बा, तापलेली सळई असलं काही नको. आधीच पातळ झालेली कातडी फुटते, व्रण पडतो आणि तो जन्मभर राहतो. गाठ खरचटून रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. थांबलं नाही तर दवाखाना.

दुसरं लासं जन्मतःच सपाट, लाल-जांभळं असतं, बहुधा चेहऱ्याच्या एका बाजूला. त्याला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात. नाव दारूच्या रंगावरून पडलंय, दारू लावून ते जात नाही! हे आपोआप जात नाही. बाळाबरोबर वाढतं, वय होईल तसं गडद आणि जाड होतं. गर्भात एका पेशीतल्या जनुकात बदल झाल्यानं ते होतं, आईबापांकडून येत नाही. लेझरनं फिकं करता येतं. लहानपणी सुरू केलं तर बरं, पण बऱ्याच बैठका लागतात आणि सगळं पुसलं जाईलच असं नाही. ते कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, झटके येऊ शकतात, म्हणून डोळ्यांचे आणि मुलांचे डॉक्टर दोघांनाही दाखवायचं.

मोठ्या बायकांनाही हे ऐकवायचं आहे. अंगावर जन्मापासूनची निळसर, मऊ गाठ, वाकलं की फुगणारी, किंवा हाताला गरम लागणारी, आत ठोके जाणवणारी गाठ असेल, तर ती वयात येताना आणि गरोदरपणात वाढू शकते. नाव नोंदवायला जाल तेव्हाच सांगा.

आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. गाठ वाढते तेही याच दिवसांत. दर वेळी लासं त्यांना दाखवा. शेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दर आठवड्याला एक. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "किती वाढलं?" आणि त्याचं उत्तर फोटोइतकं दुसरं कशातून मिळत नाही.

त्या नातीला आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. औषध सुरू आहे, डोळा पुरता उघडतोय. वाटी-चमचा आता आजीच्याच ताब्यात आहे, आणि बाळाचं पोट भरल्याशिवाय ती कुणाला औषधाच्या बाटलीला हात लावू देत नाही, सुनेलासुद्धा!