वाळूत रुसलेला घोडा

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वडिलांना सकाळी सकाळी स्कूटर वाकडी करताना पाहिले असेल. स्कूटर वाकडी करायची, दोन-चार किका मारायच्या, मग प्लग काढून पुसायचा. तेवढ्याने गाडी सुरू झाली तर आनंद, नाही तर कोपऱ्यावरचा मिस्त्री. यंत्रदुरुस्तीचे माझे पहिले शिक्षण ते. पुढे अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली, पोटापाण्यासाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागलो आणि सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतात येऊन स्थिरावलो. पण एका जुन्या चारचाकी 'दबाबा'ने माझी पदवी वाळूत लोळवली, त्याची ही हकिकत.

दबाब म्हणजे वाळूवर पळणारी, जाड हवेच्या टायरांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली गाडी. १९७० मध्ये होंडाने तिची तीनचाकी आवृत्ती अमेरिकेत विकायला काढली आणि १९८० च्या दशकात सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी सहज उलटते, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत तिची विक्री बंद झाली. इथे हिवाळा लागला की अल् खोबरच्या दक्षिणेला हाफ मून बेच्या वाळूच्या टेकड्यांवर या गाड्यांची नुसती झुंबड उडते. मीही एक जुनी, एका सिलिंडरची, कार्बुरेटरवाली गाडी घेतली. सौ. म्हणाली, "जुनी घेताय, पण दुरुस्त कोण करणार?" मी हसलो.

हसू फार टिकले नाही. बटण दाबले की कधी गाडी सुरू होई, कधी नुसते 'टक्' करून गप्प बसे. मी नवी बॅटरी बसवली. चार दिवस बरे गेले. मग स्टार्टरची मोटर बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अशातच जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमचा सतरा वर्षांचा मुलगा टेकडीपलीकडे गेला आणि सूर्य मावळला तरी परतला नाही. फोन लागेना. मित्राची जीप घेऊन आम्ही अंधारात चाकांचे माग शोधत निघालो. तासाभराने लांबवर टॉर्च हलताना दिसला. मऊ वाळूत इंजिन बंद पडले होते आणि पुन्हा सुरू होत नव्हते. बटण दाबून दाबून त्याने बॅटरी संपवली होती. शहाणपण एवढेच की तो गाडी सोडून चालत सुटला नव्हता. "बाबा, तुम्ही तर दुरुस्त केली होती ना?" एवढेच तो म्हणाला. हा प्रश्न मला कुठल्याही परीक्षकाने विचारलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत नेली. तिथल्या मलयाळी मिस्त्रीने पाना हातातही घेतला नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला बटण दाबायला सांगितले. काटा चार व्होल्टवर गेला. "साब, पहले नापो, फिर खोलो." बॅटरीपासून इंजिनाला जाणाऱ्या काळ्या तारेचा बोल्ट खाऱ्या, दमट हवेने गंजला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

यामागचे गणित शाळेतलेच आहे. स्टार्टर मोटर सुरुवातीला शंभरेक अँपिअर प्रवाह ओढते असे समजा. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०४ ओहम, म्हणजे जवळजवळ नगण्य, असला तरी तिथेच चार व्होल्ट खर्ची पडतात. मग मोटरला उरते काय? दिवा मात्र लख्ख पेटतो, कारण त्याला प्रवाह थोडाच लागतो. म्हणून दिवा पेटला म्हणजे वीज ठीक, हा समज चुकीचा. चांगल्या सांध्यावर ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवी.

तेव्हापासून मी आधी ऐकतो, मग मोजतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि ब्रेक लावून बटण दाबायचे. काहीच आवाज नाही? तर हँडलवरचे लाल बंद-बटण, फ्यूज, न्यूट्रलचा दिवा आणि ब्रेकचा स्विच पाहा. भरभर 'टकटकटक'? बॅटरी उतरली आहे. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. बटण दाबल्यावर ती साडेनऊच्या खाली घसरली तर दोष तिचाच. इथल्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते. साधारण दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे, असा ठोकताळा आहे. एकच 'टक्' आणि बॅटरी सशक्त? तर तारांचे सांधे, रिले आणि शेवटी मोटर, याच क्रमाने. मोटर घरघर फिरते पण इंजिन फिरत नाही? मग दोघांना जोडणारा एकदिशा क्लच गेला.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा चार गोष्टी तपासाव्यात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. दहाच्या मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा सात, म्हणून फिल्टरच्या फाटक्या स्पंजातून शिरलेली वाळू सिलिंडर खरवडून काढते आणि दाब कायमचा जातो. स्पंज दर फेरीनंतर धुवावा, वाळवावा आणि तेलात भिजवून पिळूनच बसवावा. उन्हाळाभर गाडी उभी राहिली की कार्बुरेटरमधल्या पेट्रोलचा चिकट थर होऊन बारीक छिद्रे बुजतात. म्हणून ठेवण्याआधी कार्बुरेटर रिकामा करावा. गाडी वीस मिनिटे चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच 'फुस्स' होऊन पुन्हा चालते? झाकणाची श्वासनळी वाळूने बंद आहे. थंडीत चालू होते, तापल्यावर मात्र नाही, असे असेल तर झडपांची फट तपासून घ्या. फट संपली की तापलेली झडप पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. झडपा ठीक असतील तर तापल्यावर ठिणगी नाहीशी होते का, तेही पाहावे.

ठिणगी पाहताना पेट्रोल सांडलेले नसावे, आणि बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. मोटर जळते.

संगणकाच्या आज्ञावलीतला दोष शोधताना मी नेहमी वाट निम्मी करतो: दोष अलीकडे की पलीकडे? तेच इथे का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे एकच आहे. मोजायला पाच मिनिटे लागतात आणि विकत घ्यायला तेवढाही वेळ लागत नाही.

आता आमची गाडी एकटी टेकडीपलीकडे जात नाही. सोबत दुसरी गाडी, पाणी, टॉर्च, आणि घरी सांगितलेली परतण्याची वेळ. मीटर मात्र मुलाच्या खिशात असतो. तो मला हात लावू देत नाही.