करडांस बधिर करणारी सुई व तिचा धोका

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांत बैलाचें शिंग कापावें लागलें, विशेषतः शिंगांत कर्करोग झाला असतां, पशुवैद्य डोळा व शिंगाचें मूळ यांच्या मध्यें लिग्नोकेनची सुई टोंचतो आणि थोड्याच वेळांत ती बाजू बधिर होते. हें औषध सन १९४३ मध्यें स्वीडनच्या लोफग्रेन यांनीं तयार केलें. त्याचा गुण सर्वांस ठाऊक आहे. दोष मात्र करडाच्या शिंगाचा कोंभ डागावयाचा असतो तेव्हां कळून येतो.

बैलाचें वजन ४०० किलो धरलें तर शेकडा २ च्या औषधाचे १० मिलिलिटर, म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याच्या अंगांत कोठेंच जिरून जातात. किलोमागें अर्धा मिलिग्रॅमच पडतो. तेंच औषध ४ किलोंच्या करडास दिलें तर किलोमागें ५० मिलिग्रॅम होतात. सुरक्षित मर्यादा सुमारें ५ मिलिग्रॅमची! अर्थात् त्या करडास एकंदर १ मिलिलिटरहून अधिक देतां कामा नये. आणि शेळीच्या प्रत्येक शिंगास दोन मज्जातंतु असल्यामुळें टोंचावयाच्या जागा चार. म्हणून जाणते पशुवैद्य त्या १ मिलिलिटरांत तितकेंच सलाईन मिसळून प्रत्येक जागीं अर्धा मिलिलिटर देतात, व पिचकारीचा दांडा किंचित् मागें ओढून रक्त येत नाहीं ना, हें आधीं पाहतात.

अधिक औषध रक्तांतून मेंदूंत गेलें म्हणजे काय होतें? संदेश वाहतांना मज्जातंतूच्या भिंतींतील सोडियमच्या वाटा उघडतात; हें औषध त्या बंद करतें. मेंदूंत कांहीं पेशी चेतवणाऱ्या, कांहीं आवर घालणाऱ्या. आवर घालणाऱ्या प्रथम थंडावतात व बाकीच्या मोकाट सुटतात. बधिर करणाऱ्या औषधानें झटके यावे, हें कोडें येथें सुटतें. करडूं आधीं सुस्त होतें, मग ओठ व कातडी फडफडते, मान मागें ताणली जाते, पाय झाडूं लागतें. शेवटीं सर्वच व्यापार मंदावून श्वास थांबतो. यास दृष्ट समजून मीठमिरच्या ओवाळण्यांत गेलेलीं मिनिटें फार महागांत पडतात.

असें झाल्यास सुई तात्काळ थांबवावी, मान सरळ ठेवून तोंडांतील लाळ पुसावी, पाणी वा तेल पाजूं नये. डायझेपामनें झटके आवरणें व प्राणवायु देणें हें पशुवैद्याचें काम. श्वास टिकला तर यकृत औषध निकालांत काढतें व करडूं पुष्कळदां उठून उभें राहतें.

वजन मात्र पशुवैद्यास अंदाजानें सांगूं नये. करडूं पोत्यांत घालून धान्याच्या काट्याला टांगलें म्हणजे तें कळतें. आणि आमच्या अनुभवाप्रमाणें धन्याचा अंदाज बहुधा जास्तच निघतो.