२४ तासांची अट : अमेरिकन कैदी, रुग्णालय आणि मेडिकेड

मागच्या व्याख्यानात आपण मेडिकेड, म्हणजे अमेरिकेतला गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, समजून घेतला. तेव्हा एक मुद्दा राहून गेला : हा विमा असलेला माणूस तुरुंगात गेला तर काय?

१९६५ च्या मूळ कायद्यातच अट आहे, की सरकारी कोठडीतल्या माणसाच्या उपचारांसाठी मेडिकेडमधून केंद्राचा पैसा मिळणार नाही. यात शिक्षा झालेलेच नव्हे, तर जामिनाला पैसे नाहीत म्हणून काउंटीच्या तुरुंगात बसलेले कच्चे कैदीसुद्धा येतात. आम्हाला तर हेच सगळ्यात जास्त खटकतं.

पण कायद्याने एक फट ठेवली आहे. कैदी वैद्यकीय संस्थेत रुग्ण म्हणून दाखल असेल तर ही बंदी लागत नाही. १९९७ साली केंद्राने याचा अर्थ स्पष्ट केला : तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात २४ तास किंवा जास्त भरती असेल, तर त्या मुक्कामाचं बिल मेडिकेड देऊ शकतं. म्हणजे बघा, हार्ट अटॅक आला, तीन दिवस अ‍ॅडमिट, तर मेडिकेड. इमर्जन्सीत आणलं, तपासलं, सहा तासांनी बेड्या घालून परत नेलं, तर बिल तुरुंगाच्या माथी. डायलिसिसला येऊन संध्याकाळी परत गेला, तरी तेच.

मग उपचारच नाकारता येतील का? नाही. एस्टेल विरुद्ध गॅम्बल या १९७६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे. हक्क आहे, खर्च मात्र राज्याने नाहीतर काउंटीने सोसायचा.

ही फट बराच काळ फारशी उपयोगाची नव्हती. मुलंबाळं नसलेल्या धडधाकट पुरुषांना बहुतेक राज्यांत मेडिकेड मिळतच नसे, आणि तुरुंगात भरणा त्यांचाच. ओबामांच्या कायद्यामुळे २०१४ पासून, ज्या राज्यांनी विस्तार स्वीकारला तिथे, हे लोक पात्र झाले. त्यांच्या खर्चातला ९० टक्के वाटा आता केंद्र उचलतं. रुग्णालयात पडलेल्या कैद्याचा फॉर्म भरून घ्यायला हवा, हे मग राज्यांना एकदम आठवलं!

खरी गोची सुटकेच्या दिवशी. आत असताना विमा रद्द झालेला, औषधं संपत आलेली. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट आढळला. सगळ्यात मोठं कारण ड्रग्जचा ओव्हरडोस. म्हणून आता बरीच राज्यं विमा रद्द न करता स्थगित ठेवतात. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला, सगळ्यात आधी, सुटकेआधीच्या ९० दिवसांत काही सेवा मेडिकेडमधून द्यायची परवानगी मिळाली. त्याआधीच्या दिवसांना मात्र जुनाच नियम लागू आहे.