पॅटर्न आपला, फाउंड्री दुसऱ्याची

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ऑफिसात जिन्याखाली रिकामं कपाट आहे. कारखाना शिरोली एमआयडीसीत, तिथं पंपाची कास्टिंग ओततात. हिशेब, पगार, डिस्पॅच सगळं शाहूपुरीत. त्या कपाटात पूर्वी सर्व्हर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरीत पाणी शिरलं आणि सर्व्हर कपाटासकट बुडाला. पाणी ओसरल्यावर मालकांनी फर्मान काढलं, "आता सगळं क्लाउडवर टाका. ढगात काय पूर येत न्हाई." पूर ढगातूनच येतो, हे सांगायची ती वेळ नव्हती.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. या वेळी हिशेबाचा एक आकडा इकडचा तिकडं झाला नाही. पण ऑफिसात लाईट नव्हती, नेट नव्हतं, आणि लॉगिनचा ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो तिथल्याच ड्रॉवरमध्ये राहिला होता. चार दिवस डेटा सुखरूप होता आणि मालकांसकट कुणालाच दिसत नव्हता.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे कॉम्प्युटर भाड्याने वापरणं, एवढंच. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये हा धंदा सुरू केला. सिनर्जी रिसर्च ग्रुपच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगभरच्या कंपन्यांनी या भाड्यापोटी सुमारे ३३० अब्ज डॉलर मोजले, आणि त्यातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या तिघांकडे गेला. बाजार मोठा, दुकानदार तीन. त्यामुळे नियमही त्यांचेच, आणि ते न वाचता सही करणारे आपण.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत सर्रास ऐकू येणारं पहिलं वाक्य म्हणजे "आपली माहिती अमेरिकेत जाते." जायलाच पाहिजे असं नाही. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत, अ‍ॅमेझॉनची २०१६ पासून मुंबईत आणि २०२२ पासून हैदराबादेतही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत पुण्याचं नाव 'मध्य भारत' असं आहे. पुणेकरांना ते मान्यच असणार. मात्र जागा निवडायची असते ती आपण. खातं उघडताना समोर आलेलं पहिलं नाव तसंच ठेवलं, तर माहिती खरोखरच अमेरिकेत जाऊन बसू शकते. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा, असा कंपनी कायद्याखालचा नियम २०२२ पासून आहे. सीएंना विचारा. पुष्कळदा तेही आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात.

"क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच." सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. अकाउंटंटने चुकून गेल्या वर्षीचं फोल्डर उडवलं, तर क्लाउड ते इमानदारीने सगळीकडून उडवतो. व्हायरसने फायलींना कुलूप घातलं, तर कुलूपबंद फायलीच वर चढतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा डेटा आणि बॅकअप एकाच आगीत गेला. याची दुसरी बाजू मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसली. युनिसुपर या पेन्शन फंडाचं खातं गुगलच्या बाजूने झालेल्या चुकीमुळे पुसलं गेलं. सहा लाखांवर सभासद ताटकळले. फंड वाचला, कारण त्याने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. इमारत, यंत्रं, वीज ही क्लाउडवाल्याची जबाबदारी. आत काय ठेवलं, किल्ली कुणाकडे दिली आणि जादा प्रत कुठं आहे, हे आपलं.

"क्लाउड कधी बंद पडत नाही" यावर फार बोलायला नको. ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा, आणि हमी मोडलीच तर मिळते ती बिलात सूट, बुडालेला धंदा नव्हे. १९ जुलै २०२४ ला विमानतळांवरचे पडदे निळे झाले तेव्हा 'क्लाउड कोसळला' अशी हाकाटी झाली. खरं तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे केले होते.

आता पैशाचं. "सर्व्हर घ्यायला नको म्हणजे स्वस्त पडतं." फाउंड्रीवाल्याला हे समजावणं सोपं आहे, कारण विजेचं बिल तो कोळून प्यायलेला असतो. कॉन्ट्रॅक्ट डिमांड किती घ्यायचं, ते ओलांडलं तर दंड किती, कुठल्या तासाला दर कमी आणि भट्टी तेव्हा कशी लावायची, हे त्याला तोंडपाठ. क्लाउडचं बिलही तसंच चालतं. एक किंवा तीन वर्षांचा वायदा केला तर दर उतरतो, मनाला येईल तेव्हा चालू-बंद करायचं तर चढा. फरक इतकाच, की रिकामी भट्टी चालू राहिली तर कुणीतरी ओरडतं. दिवाळीआधी ट्रायलला म्हणून लावलेला सर्व्हर शिमग्यापर्यंत चालू राहिला तरी कुणाला आवाज येत नाही. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि मग स्वतःचे सर्व्हर घेतले. हे ऐकून लगेच परत फिरू नये. त्यांच्याकडे ते सर्व्हर सांभाळणारी माणसं आहेत. आपल्याकडे सर्व्हर सांभाळणारा तोच असतो जो प्रिंटरचा कागदही काढतो.

आणि सगळंच वर न्यायचंही नसतं. भट्टीशेजारच्या केबिनमध्ये उभं राहून बघा. मेल्टर पळीने धातू काढतो, चकती ओततो, थंड करून घासतो, स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतो. दोन-तीन ठिणग्या पाडल्या की कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे पडद्यावर येतात आणि मग ठरतं, आणखी काय टाकायचं. तोवर भट्टीत वितळलेलं लोखंड तापत असतं. तिथं 'नेट गेलंय, थांबा' हे ऐकून घेणारा सुपरवायझर अजून जन्माला यायचा आहे. तो कॉम्प्युटर तिथंच राहतो; महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट वर गेला तरी चालतं. मोठ्या कंपन्याही आज असंच अर्धं इथं, अर्धं तिथं करून राहतात.

"नाही जमलं तर दुसरीकडे जाऊ" हे मात्र कास्टिंग बाहेरून ओतून घेणाऱ्याने म्हणू नये. पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, पार्टीचा म्हणजे गिऱ्हाइकाचा असतो, पण बसवलेला असतो या फाउंड्रीच्या मशीनवर, या बॉक्सच्या मापात. फाउंड्री बदलली की पॅटर्न मिळतो, पण नव्या प्लेटवर चढवायला वेळ आणि पैसा जातो. डेटाचं तसंच. आत टाकायला फुकट, बाहेर काढायला मीटर. युरोपातल्या नव्या कायद्यानंतर २०२४ च्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या कंपन्यांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. सॉफ्टवेअर नव्या घरात बसवण्याचा खर्च माफ झालेला नाही.

शिरोलीच्या त्या कारखान्यात पॅटर्नच्या रॅकवर प्रत्येक पॅटर्नला नंबर आहे. जाडजूड वहीत पार्टीचं नाव, आलेली तारीख, गेलेली तारीख, नेणाऱ्याची सही. क्लाउडच्या खात्याची अशी नोंद कुठं आहे, म्हणून विचारलं. मालकांनी अकाउंटंटकडे पाहिलं, अकाउंटंटने छताकडे. खातं एका पोराच्या स्वतःच्या जीमेलवर उघडलेलं होतं. पोरगा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेला. "चांगला पोरगा हाय," मालक म्हणाले, "फोन उचलतो अजून."