सादरीकरणातील मराठी अक्षर : शैली व आज्ञावली

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर आदी तालुक्यांतील अनेक मुले घरी पावरी, भिली, मावची यांसारख्या बोली बोलतात. मराठी भाषा आणि देवनागरी अक्षर या दोहोंची ओळख त्यांना शाळेत एकाच वेळी करून घ्यावी लागते. अशा मुलाच्या दृष्टीने पडद्यावरील प्रत्येक अक्षर हा एक धडाच असतो. ते बारीक असले किंवा पुस्तकातील अक्षराहून निराळे दिसले, तर मूल वाचताना अडखळते.

सादरीकरण तयार झाल्यावर मागील बाकावरून अक्षर दिसत नाही असे आढळले, की शिक्षक एकेक स्लाईड उघडून अक्षर मोठे करीत बसतात. वीस स्लाईडच्या पाठात यासाठी एखादी दुपार सहज खर्ची पडते, आणि तरीही दोनचार ओळी सुटून जातात. हा श्रम टाळण्यासाठीच ‘शैली’ची योजना आहे. मधल्या सुट्टीची वेळ बदलावयाची झाल्यास मुख्याध्यापक प्रत्येक मुलास वेगळे सांगत नाहीत. वेळापत्रक एकदा बदलले की घंटा सर्वांसाठी वाजते. शैलीचेही तसेच आहे. शैलीत एकदा बदल केला की तिच्यावर अवलंबून असलेला सर्व मजकूर बदलतो.

लिबरऑफिस या मोफत संचातील ‘इम्प्रेस’मध्ये शीर्षकासाठी ‘टायटल’ आणि मजकुराच्या नऊ पातळ्यांसाठी ‘आउटलाइन १’ ते ‘आउटलाइन ९’ अशा शैली असतात. त्या मूळ स्लाईडशी, म्हणजे ‘मास्टर’शी, जोडलेल्या असतात. एकाच फाईलमधील बदल हातानेच करावा. परंतु वर्षभराचे पाठ एकसारखे करावयाचे असल्यास, अथवा केंद्रातील शाळांनी परस्परांस दिलेल्या फायली सुधारावयाच्या असल्यास, बेसिक भाषेतील छोटी आज्ञावली, म्हणजे मॅक्रो, उपयोगी पडते.

आज्ञावलीचा क्रम सोपा आहे. प्रथम उघडलेली फाईल घ्यावयाची. तिला ‘धिस कंपोनंट’ म्हणतात. तिच्या ‘स्टाईल फॅमिलीज’मधून मास्टरच्या नावाचा शैलीसमूह निवडावयाचा. त्या समूहातून ‘आउटलाइन १’ ही शैली घेऊन तिच्या गुणधर्मास नवे मूल्य द्यावयाचे. पुढील पातळ्यांसाठी हीच कृती पुन्हा करावयाची. येथे नावांचा केवळ उच्चार दिला आहे. आज्ञावलीत ती रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावी लागतात.

मराठी शिक्षकाची चूक होते ती गुणधर्म निवडताना. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट मानते : पाश्चात्त्य, आशियाई म्हणजे चिनी, जपानी व कोरियन, आणि जटिल. देवनागरी जटिल गटात मोडते. ‘कॅर हाईट’ या गुणधर्मास ३६ हे मूल्य दिले, तर इंग्रजी शब्द मोठे होतात, मराठी आहे तसेच राहतात. मराठीसाठी ‘कॅर हाईट कॉम्प्लेक्स’ आणि फॉन्टसाठी ‘कॅर फॉन्ट नेम कॉम्प्लेक्स’ हेच गुणधर्म वापरावयास हवेत. पॉवरपॉईंटच्या आज्ञावलीतही जटिल लिपीच्या फॉन्टचे नाव स्वतंत्र गुणधर्मात सांगावे लागते.

अक्षराच्या वळणाचा प्रश्नही येथेच येतो. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावयाचा आहे. संगणकाच्या दृष्टीने मराठी ल आणि हिंदी ल यांचा संकेतांक एकच. वळण ठरते ते फॉन्टवरून. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावर मराठी वळण उमटते. ही भाषा ‘कॅर लोकॅल कॉम्प्लेक्स’ या गुणधर्मात नोंदवता येते.

आज्ञावली चालवूनही एखादी ओळ बदलली नाही, तर त्या ओळीस पूर्वी हाताने दिलेली मांडणी शैलीवर मात करीत आहे असे समजावे. ती ओळ निवडून कंट्रोल, शिफ्ट व एम या कळा एकत्र दाबल्यास ती मांडणी निघून जाते. मजकूर चौकटीत मावत नसेल तर इम्प्रेस अक्षर आपोआप लहान करते. अशा वेळी मजकूर दोन स्लाईडांवर विभागावा. निवडलेला फॉन्ट वर्गातील संगणकावर नसल्यास त्याच्या जागी दुसराच येतो, हेही ध्यानात असावे. मूळ फाईलची प्रत आधी जपून ठेवावी आणि अनोळखी व्यक्तीकडून आलेली आज्ञावली चालवू नये.

काम पुरे झाल्यावर शिक्षकाने वर्गातील शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाईड वाचून पाहावी. तेथून ‘शाळा’ आणि ‘लाल’ हे शब्द पुस्तकातल्यासारखे स्वच्छ दिसले, तरच काम पुरे झाले असे मानावे.